एक गोळी, दोन आजार : जागेपणाच्या औषधाचा इतिहास

१/
१९३७ साल. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात मुलांच्या एका रुग्णालयात डोकेदुखी थांबावी म्हणून काही मुलांना एक नवे औषध देण्यात आले. डोकेदुखी थांबली नाही. पण वर्गात स्थिर बसणे ज्यांना अशक्य होते, ती मुले एकाग्र होऊन गणिते सोडवू लागली. त्याच काळात हेच औषध दिवसाढवळ्या झोपेच्या अधीन होणाऱ्या प्रौढ रुग्णांना जागे ठेवत होते.

झोपाळूंना जागे करणारे औषध चंचल मुलांना शांत कसे करते? या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने वैद्यकाला पुढची चाळीस वर्षे चकवले. त्या चकव्याचा हा इतिहास.

#इतिहास #थ्रेड

२/
कथेचा प्रारंभ एका रुक्ष, पानेही धड नसलेल्या झुडपापासून होतो. चिनी वैद्यकात त्याचे नाव माहुआंग, वनस्पतिशास्त्रात एफेड्रा. शेन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन चिनी वनौषधिग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि दम्यावर व खोकल्यावर ते शतकानुशतके वापरले गेले. भारतालाही हे झुडूप अपरिचित नाही. पारशी धर्मविधींत वापरल्या जाणाऱ्या ‘होम’च्या काड्या एफेड्राच्याच असतात. वेदांतील सोम म्हणजे हीच वनस्पती असे काही अभ्यासक मानतात. मात्र त्याविषयी एकमत नाही.

३/
१८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने माहुआंगमधील गुणकारी द्रव्य वेगळे केले. ते एफेड्रिन. नागाईचे शिक्षण बर्लिनचे. योगायोग असा की, दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याच बर्लिन विद्यापीठात लाझार एदेल्यानू या रुमानियन तरुणाने प्रबंधासाठी एक संयुग तयार केले. त्याची रचना एफेड्रिनशी मिळतीजुळती होती. त्या संयुगाचे शरीरावर काय परिणाम होतात, हे पाहण्याची गरज त्याला भासली नाही. एदेल्यानू पुढे खनिज तेलाच्या शुद्धीकरणासाठी प्रसिद्ध झाला. त्याने तयार करून विसरून टाकलेले ते संयुग म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन.

४/
एफेड्रिनला आधुनिक वैद्यकात खरे स्थान मिळाले ते १९२०च्या दशकात. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी त्याचे गुणधर्म पद्धतशीर तपासले आणि दम्याच्या रुग्णांना तोंडाने घेता येईल असे औषध मिळाले. मागणी वाढली, तसा कच्च्या मालाचा शोध सुरू झाला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी भारतीय एफेड्राच्या जातींचा अभ्यास केला तो याच काळात. पण औषध कंपन्यांना झुडपावर अवलंबून राहायचे नव्हते. प्रयोगशाळेत बनेल असा स्वस्त पर्याय त्यांना हवा होता.

५/
हा पर्याय शोधणाऱ्यांपैकी एक होता लॉस एंजेलिसमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन अ‍ॅलेस. ३ जून १९२९ रोजी त्याने एदेल्यानूचेच संयुग स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. मात्रा होती ५० मिलिग्रॅम, म्हणजे बरीच मोठी. नाक मोकळे झाले, छाती धडधडू लागली, रक्तदाब चढला; आणि मग मनाला एक अनपेक्षित उल्हास वाटू लागला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो नेहमीपेक्षा अधिक बोलका झाला होता. त्या रात्री झोप मात्र नीट लागली नाही. विचार एका विषयावरून दुसऱ्यावर धावत राहिले. दम्यासाठी हे औषध फारसे उपयोगी नव्हते. पण त्याचा खरा प्रभाव श्वासनलिकेवर नसून मनावर आहे, ही नोंद त्या एका रात्रीत झाली.

६/
फिलाडेल्फियाच्या स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने १९३३ मध्ये हेच द्रव्य ‘बेन्झेड्रिन इनहेलर’ म्हणून बाजारात आणले. चोंदलेले नाक मोकळे करणारी ती एक नळी होती, चिठ्ठीशिवाय मिळणारी. आत ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅम्फेटामाइन भिजवलेली कागदाची पट्टी. नळी फोडून पट्टी कॉफीत बुडवली की काय होते, हे ग्राहकांना लवकरच उमगले. अ‍ॅलेसच्या पेटंटचे हक्कही कंपनीने मिळवले. आता तिच्या हाती प्रभावी औषध होते; फक्त ते नेमके कोणत्या आजाराचे, हे ठरायचे होते. पुढच्या कथेचे मर्म या उलट्या क्रमात आहे : औषध आधी आले आणि आजाराचा शोध नंतर सुरू झाला.

७/
पहिला आजार आधीपासूनच वाट पाहत होता. १८८० मध्ये एदुआर जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने एका ३८ वर्षीय व्यापाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना दिवसातून कधी कधी दोनशे वेळा झोपेचा झटका येई. जेवताना, बोलताना, चालताना डोळे मिटत. मोठ्याने हसू आले किंवा भावना उचंबळून आली की अंगातील शक्ती जाऊन ते कोसळत. जेलिनोने या विकाराला ग्रीक शब्दांवरून ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. नाव मिळाले, कारण मिळाले नाही. अशा रुग्णांच्या वाट्याला आळशी, बेजबाबदार अशी विशेषणे येत राहिली.

८/
कारणाचा पहिला धागा एका भयंकर साथीने दिला. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी ‘निद्राळू मेंदूज्वर’ या नव्या आजाराचे वर्णन केले. काही रुग्ण दिवसेंदिवस झोपून राहत, काहींना झोपच येत नसे. मृतांचे मेंदू तपासून त्यांनी अनुमान काढले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागील भागात जागेपणाचे केंद्र असले पाहिजे आणि नार्कोलेप्सीचे मूळही तिथेच असावे. या साथीतून वाचलेली कित्येक मुले मात्र विलक्षण अस्वस्थ, उतावीळ आणि अनावर झाली. झोप आणि अवधान, दोन्हींचे विकार डॉक्टरांना प्रथमच एका साथीत एकत्र दिसले.

९/
१९३५ मध्ये मायरन प्रिन्झमेटल आणि विल्फ्रेड ब्लूमबर्ग यांनी नार्कोलेप्सीच्या रुग्णांना बेन्झेड्रिन दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी वापरल्या जाणाऱ्या एफेड्रिनपेक्षा ते अधिक प्रभावी ठरले. १९३७ मध्ये गोळीच्या रूपातील बेन्झेड्रिनला अमेरिकन वैद्यक संघटनेने मान्यता दिली तेव्हा मान्य उपयोगांत नार्कोलेप्सीचा समावेश होता. वर्षानुवर्षे नोकरी टिकवता न आलेल्या माणसांसाठी ही गोळी वरदान होती. पण तिने झोपेचे झटके आवरले, आजाराचे मूळ तसेच राहिले. हसताना कोसळण्याच्या लक्षणावर तर तिचा प्रभाव फारच थोडा होता.

१०/
आता ऱ्होड आयलंडकडे. जॉर्ज ब्रॅडली या धनिकाच्या एकुलत्या एक मुलीला, एमाला, सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तिचे आयुष्य कायमचे पंगू झाले. अशा मुलांसाठी कोठेच उपचार नाहीत हे पाहून त्याने मृत्युपत्रात आपली संपत्ती एका रुग्णालयासाठी ठेवली. १९३१ मध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे ‘एमा पेंडल्टन ब्रॅडली होम’ सुरू झाले. वर्तनाच्या व चेतासंस्थेच्या विकारांसाठी खास मुलांकरिता उभारलेले हे अमेरिकेतील पहिले निवासी रुग्णालय मानले जाते. लवकरच त्याची सूत्रे जॉर्जच्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांच्याकडे आली.

११/
तेथे दाखल झालेल्या मुलांची एक यातनादायक तपासणी होत असे. पाठीच्या मणक्यातून द्रव काढून त्याजागी हवा भरायची आणि मग मेंदूचे क्ष-किरण चित्र घ्यायचे. स्कॅनिंगची यंत्रे येण्यापूर्वीचा हा काळ. तपासणीनंतर मुलांची डोकी असह्य दुखत. द्रव कमी झाल्यामुळे डोके दुखते. उत्तेजक औषधाने तो लवकर तयार होईल, असा ब्रॅडलींचा तर्क होता. म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन दिले. तर्क फसला. पण शिक्षक येऊन सांगू लागले की, मुले अभ्यासात अचानक रमली आहेत. मुलांनीच त्या गोळीचे बारसे केले : गणिताची गोळी.

१२/
ब्रॅडलींनी मग रीतसर निरीक्षण केले. ५ ते १४ वयोगटातील ३० मुले, आठवडाभर रोज सकाळी एक मात्रा. १४ मुलांची शालेय प्रगती थक्क करणारी होती. १५ मुले भावनिकदृष्ट्या अधिक शांत झाली. काही मुलांवर विपरीत परिणामही झाले, तेही त्यांनी नोंदवले. औषध बंद करताच सुधारणाही ओसरली. उत्तेजक औषधाने मुले शांत व्हावीत हे विरोधाभासी वाटते, असे ब्रॅडलींनी लिहिले. ‘वाटते’ एवढेच. उत्तेजक द्रव्य मेंदूतील आवर घालणाऱ्या केंद्रांना जागे करत असेल, तर असे होऊ शकते, हा खुलासाही त्यांनी सुचवला होता. पुढच्या पिढीने खुलासा विसरला आणि विरोधाभास तेवढा लक्षात ठेवला.

१३/
आश्चर्य म्हणजे या शोधाकडे जवळजवळ पंचवीस वर्षे फारसे कोणी फिरकले नाही. अमेरिकन मनोविकारशास्त्रावर तेव्हा मनोविश्लेषणाचा पगडा होता. मुलाच्या अस्वस्थतेचे मूळ घरातील संबंधांत, विशेषतः आईच्या वागण्यात, शोधले जाई. गोळीने मूल शांत झाले, या निरीक्षणाला त्या चौकटीत जागा नव्हती. या काळात त्या गोळीला दुसरे ग्राहक मात्र भरपूर मिळाले.

१४/
जर्मनीत १९३८ पासून ‘पेर्विटिन’ नावाने मेथअ‍ॅम्फेटामाइन विकले जात होते. १९४० च्या वसंत व उन्हाळ्यातील अवघ्या काही महिन्यांत जर्मन सैन्याला साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरवल्या गेल्या. ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांनी बेन्झेड्रिन वापरले. जपानमध्ये मेथअ‍ॅम्फेटामाइन ‘फिलोपॉन’ झाले. ग्रीक शब्दांवरून त्या नावाचा अर्थ श्रमप्रीती असा होतो. युद्ध संपताच लष्करी साठे बाजारात आले, व्यसनाची लाट उसळली आणि १९५१ मध्ये जपानला उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जर्मनीने तर १९४१ मध्येच पेर्विटिनवर अफूच्या कायद्याखाली निर्बंध आणले होते. थकवा या गोळीने मिटत नाही, तो पुढे ढकलला जातो, हे तोवर कळून चुकले होते.

१५/
दरम्यान १९४४ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांची पत्नी मार्गरिट, घरातले नाव रीटा, हिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेई आणि तिला तरतरी वाटे. तिच्याच नावावरून औषधाचे नाव पडले ‘रिटालिन’. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते बाजारात आले तेव्हा त्याचे लक्ष्य मुले नव्हती. थकवा, मरगळ, नैराश्य आणि नार्कोलेप्सी यांवरील सौम्य औषध म्हणून त्याची ओळख होती. म्हणजे पुन्हा तोच क्रम : गोळी तयार, आजाराची प्रतीक्षा.

१६/
१९६०च्या दशकात चित्र पालटले. जॉन्स हॉपकिन्सचे लिओन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी या औषधांच्या नियंत्रित चाचण्या घेतल्या : काही मुलांना औषध, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. औषधाचा परिणाम खरा होता. पण त्या मुलांना झाले होते तरी काय? ‘मेंदूचे किंचित कार्यवैगुण्य’ असे नाव रूढ झाले. मेंदूत इजा दिसत नसे, तरी ती गृहीत धरली जाई. आणि येथेच ब्रॅडलींचा विरोधाभास कामाला आला. निरोगी माणूस उत्तेजकाने चाळवतो. हे मूल शांत झाले. अर्थात याच्या मेंदूत दोष आहे. औषधाचा गुण हाच आजाराचा पुरावा ठरला.

१७/
हा युक्तिवाद ऐकायला पटणारा होता. पण त्याच्या पहिल्या पायरीची परीक्षा कोणी केलीच नव्हती. निरोगी मूल हे औषध घेतल्यावर खरोखर चाळवते का? निरोगी मुलांना उत्तेजक देऊन पाहणे नैतिकदृष्ट्या अवघड, म्हणून प्रश्न तसाच राहिला. आणि त्या अपरीक्षित विधानाच्या आधारावर मुलांच्या कपाळी मेंदूतील दोषाचा शिक्का बसत राहिला.

१८/
१९७० च्या जूनमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली की, ओमाहा शहरातील ५ ते १० टक्के शाळकरी मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जातात. देशभर खळबळ उडाली. आकडा फुगलेला होता, हे पुढे स्पष्ट झाले. पण तोवर सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये सुनावणीही झाली. शाळा मुलांना शिकवण्याऐवजी गोळ्या देऊन गप्प बसवत आहेत काय, हा तेथील मुख्य प्रश्न होता. डॉक्टरांचे ठरलेले उत्तर होते : ही औषधे केवळ आजारी मुलांनाच शांत करतात.

१९/
कायदेही कडक झाले. १९७१ मध्ये अमेरिकेने अ‍ॅम्फेटामाइन व मेथिलफेनिडेट यांना वैद्यकीय वापर असलेल्या द्रव्यांच्या सर्वांत कठोर श्रेणीत टाकले. त्याच वर्षी व्हिएन्नात मनोविकारी द्रव्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थ व मनोविकारी द्रव्ये कायदा केला. त्याच्या सूचीत ही दोन्ही द्रव्ये आहेत. ज्या गोळीची नळी एकेकाळी चिठ्ठीशिवाय मिळत होती, तिच्यासाठी नार्कोलेप्सीच्या रुग्णालाही आता काटेकोर नियमांतून जावे लागू लागले.

२०/
अखेर ती राहून गेलेली परीक्षा झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १४ निरोगी मुलांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइनची एकच मात्रा देऊन निरीक्षणे नोंदवली. तुलनेसाठी निष्क्रिय गोळीही होती. १९७८ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. निरोगी मुलेही शांत झाली. त्यांची हालचाल कमी झाली, लक्ष वाढले, प्रतिसाद जलद झाला. विरोधाभास मुळात नव्हताच. औषध सर्वांवर साधारण सारखेच काम करत होते. चाळीस वर्षांचा युक्तिवाद एका शोधनिबंधाने कोसळला.

२१/
याचा अर्थ काय? एक सोपा निष्कर्ष असा काढला गेला की, आजारच खोटा आहे. पण तोही तर्कदोषच. तापाची गोळी कोणत्याही तापावर चालते, म्हणून ताप खोटा ठरत नाही; आणि ताप उतरल्याने हिवताप होता की विषमज्वर, हेही कळत नाही. १९७८ च्या प्रयोगाने एवढेच सिद्ध केले की, औषधाचा गुण ही निदानाची कसोटी नव्हे. आजार आहे की नाही, हे औषधाला विचारून कळणार नव्हते. त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा होता. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने अवधानाला केंद्रस्थानी ठेवून नवे नाव दिले, १९८७ मध्ये ते ‘एडीएचडी’ झाले. ‘मेंदूचे वैगुण्य’ हे गृहीतक नावातून गळले.

२२/
तसा स्वतंत्र पुरावा झोपेच्या आजाराला मिळाला, आणि तो दिला कुत्र्यांनी. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांचा कळप जोपासला होता. खाणे पाहून आनंदाने उड्या मारता मारता ती कुत्री कोसळत. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना हायपोथॅलॅमसमध्ये एक नवे द्रव्य सापडले. एकाने त्याला ऑरेक्सिन म्हटले, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. १९९९ मध्ये एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखवले की, या कुत्र्यांत त्याच द्रव्याच्या ग्राहकाचे जनुक बिघडलेले आहे. २००० मध्ये मानवी रुग्णांच्या मेंदूत ऑरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या आढळल्या. जागा तीच, जिच्याकडे फॉन इकोनोमो यांनी बोट दाखवले होते.

२३/
एदुआर जेलिनोच्या रुग्णाला १२० वर्षांनी उत्तर मिळाले : आळस नव्हे, मूठभर पेशींचा अभाव. फ्रान्समध्ये विकसित झालेले आणि मिशेल जुव्हे यांनी नार्कोलेप्सीसाठी पुढे आणलेले मोडाफिनिल हे औषध तोवर अमेरिकेतही मान्य झाले होते. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, पासष्ट वर्षे गुण देणाऱ्या अ‍ॅम्फेटामाइनने या कारणाचा पत्ता कधीच दिला नव्हता. अ‍ॅम्फेटामाइन डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवते. तुटलेला दुवा वेगळाच होता.

२४/
एडीएचडीला असा एकच तुटलेला दुवा आजही सापडलेला नाही. रक्ताची वा मेंदूची एखादी चाचणी करून निदान होत नाही. घर, शाळा आणि बालपणापासूनचा इतिहास पडताळूनच ते करावे लागते. औषधाविषयी पुरावा मात्र भक्कम आहे आणि त्याच्या मर्यादाही नोंदलेल्या आहेत. १९९९ च्या अमेरिकन अभ्यासात ५७९ मुलांवर १४ महिने उपचार झाले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक आटोक्यात आली. तीन वर्षांच्या टप्प्यावर मात्र गटांमधला हा फरक उरला नाही.

२५/
एकाच गोळीने दोन आजारांना ओळख दिली. त्यांपैकी एकाचे कारण सापडले, दुसऱ्याचा शोध चालू आहे. दोन्हींच्या रुग्णांनी आळशी, वांड, बेशिस्त हे शेरे ऐकले. गोळी घेऊन अभ्यास चांगला झाला म्हणून कोणी आजारी ठरत नाही. आणि गोळी सर्वांवर चालते म्हणून ज्याचे मन खरोखर ठरत नाही, त्याचे दुःख खोटे ठरत नाही. हे दोन्ही अर्थ १९७८ च्या त्या छोट्या प्रयोगात होते. वाद घालणाऱ्यांनी बहुतेकदा त्यांतला सोयीचा तेवढा एकच उचलला.

(समाप्त)